जागे मन आणि खरी साक्ष

लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या, दीक्षा घेऊन अद्याप वर्षही न झालेल्या एका भगिनीने आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देण्याचे आम्ही आजवर टाळीत आलो, हे प्रथम कबूल केले पाहिजे. त्या लिहितात की, बावीस प्रतिज्ञांपैकी अकराव्या प्रतिज्ञेने आम्ही अष्टांग मार्ग पत्करला. त्यातील सम्यक वाचा कळते, सम्यक आजीविका कळते. पण सम्यक स्मृती म्हणजे रोज उठून नेमके करावयाचे काय? खोली दहा बाय बारा, माणसे सहा, खाली रस्ता, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. त्यांच्या यजमानांचे मत याहून कडक आहे. ध्यान हे पोट भरलेल्यांचे काम असून आपल्याला हक्क हवे आहेत, डोळे मिटून बसणे नको, असे त्यांचे म्हणणे आहे.

यजमानांना उत्तर आधी दिले पाहिजे, कारण त्यांची शंका ही त्यांच्या एकट्याची नाही. आपल्या समाजात ती घरोघर आहे आणि तिला कारण आहे. सोसावे, गप्प राहावे, आपल्या वाट्याला आले ते मागल्या जन्मीचे फळ म्हणून गोड मानून घ्यावे, हा उपदेश आपल्या आज्यापणज्यांना शेकडो वर्षे ऐकविला गेला. तोच उपदेश उद्या पाली शब्दांत गुंडाळून कोणी आणून दिला, तर त्यास दारातूनच परत पाठविणे हे प्रत्येक बौद्धाचे कर्तव्य होय. तेव्हा यजमानांचा संशय आम्ही दोष मानीत नाही. त्यांनी संशय ज्यावर घेतला ती वस्तू मात्र नीट पाहून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे.

शब्दांचीच अडचण मोठी आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. स्मृती म्हटले की आपल्या कानांना मनुस्मृती ऐकू येते, जी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास जाळली गेली. पाली शब्द घ्यावा तर तो सति, आणि त्याने चितेवर चढविलेल्या बायका डोळ्यांपुढे उभ्या राहतात. सावधानता म्हणावे तर लग्नातला भटजी आठवतो. म्हणून या लेखापुरते आम्ही जागरूकता हाच शब्द घेतो. मूळ सति या शब्दात मात्र दोन अर्थ एकत्र नांदतात, एक आठवण ठेवणे आणि दुसरा जागे असणे, आणि हे दोन अर्थ एकत्र का आले याचा उलगडा पुढे होईल.

बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सम्यक स्मृतीचे जे विवरण आहे, त्यात डोळे मिटण्याचा संबंध नाही. तिथे तिचा अर्थ मनाचे अखंड जागेपण आणि अकुशल वृत्तींवर मनाने ठेवलेला पहारा असा केलेला आहे. नुसत्या समाधीवर तर बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात स्पष्ट मर्यादा घातली आहे. एकाग्रतेने मनातील अडथळे काही काळ दबतात, पण तेवढ्याने मन कुशलाकडे वळत नाही, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे ज्या ध्यानाला यजमान भितात, त्याविषयी बाबासाहेबांनीच त्यांच्या आधी सावध करून ठेवले आहे.

आता पहारा म्हणजे काय? अंगुत्तर निकायात सीमेवरच्या नगराची एक उपमा आहे. त्या नगराच्या वेशीवर शहाणा द्वारपाल असतो. तो ओळखीच्याला आत घेतो, अनोळख्याला अडवितो. तो द्वारपाल म्हणजे सति, असे भगवंतांनी सांगितले आहे. द्वारपाल झोपला तर नगर बुडते हे उघड आहे. पण त्याने वेस कायमची लावून घेतली तरी नगर उपाशी मरेल. त्याचे काम वेशीत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याचे तोंड पाहणे हे होय. ज्याला आजकाल मोकळी जागरूकता म्हणतात ती हीच. एका श्वासावर, एका मूर्तीवर वा एका शब्दावर मन खिळवून बाकी सर्व बाहेर ठेवणे हा एक प्रकार झाला. जे येईल ते येऊ द्यावे, आवाज येवो, कळ येवो, राग येवो, आणि आलेले काय आहे हे त्याच क्षणी ओळखावे, हा दुसरा. चाळीतल्या माणसाला पहिला प्रकार अवघड आहे. दुसऱ्यासाठी मात्र चाळीसारखी जागा नाही.

या दुसऱ्या प्रकाराचा सर्वांत थोडक्यात दिलेला उपदेश ज्या माणसाला मिळाला, तो आपल्या शेजारचा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. उदान या ग्रंथात बाहिय नावाच्या एका पुरुषाची कथा आहे. तो सुप्पारक येथे समुद्रकाठी राहत असे. सुप्पारक म्हणजे आपले सोपारा. दादरहून विरार गाडी पकडली की नालासोपारा स्थानक लागते तेच. तेथील बुरूड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप खणून काढला. त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे सापडला, आणि नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे सापडला तो १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्याच वर्षी. असो.

हा बाहिय झाडाची साल नेसत असे. अट्ठकथेत असे सांगितले आहे की गलबत फुटून तो किनाऱ्याला लागला, अंगावर वस्त्र नव्हते म्हणून त्याने साली गुंडाळल्या, आणि ते पाहून लोक त्याला सिद्धपुरुष समजून पाया पडू लागले. पुढे त्यालाही तसेच वाटू लागले. एके दिवशी त्याला कळून चुकले की आपण कोणी अर्हत नाही, आणि तो होण्याचा मार्गही आपल्याला माहीत नाही. (ग्रंथात हे त्याला एका देवतेने सांगितले असे आहे. देवता आपण बाजूला ठेवू. माणसाला स्वतःविषयी खरे कळण्यास देवतेची गरज लागत नाही.) तो उठला आणि थेट श्रावस्तीला गेला. भगवान भिक्षेसाठी निघाले होते. ही वेळ नव्हे, असे त्यांनी दोनदा सांगितले. बाहियने तिसऱ्यांदा विनविले, आयुष्याचा भरवसा नाही म्हणाला, तेव्हा भगवंतांनी रस्त्यातच त्याला सांगितले. त्याचा सारांश असा की, दिसले त्यात दिसण्यापुरतेच असू द्यावे, ऐकले त्यात ऐकण्यापुरतेच, इतर इंद्रियांनी अनुभवले त्यात अनुभवापुरतेच, आणि मनाने जाणले त्यात जाणण्यापुरतेच. आपले ‘मी’ त्यात कालवू नये. एवढाच उपदेश. ना आसन, ना माळ, ना मंत्र. थोड्याच वेळात वासरू असलेल्या एका गाईने बाहियला शिंगावर घेतले आणि तो मेला. भगवंतांनी त्याचा स्तूप बांधविला.

कायद्याचा अभ्यास केलेल्या माणसाला ही कथा वाचताना थांबावे लागते. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६० आमच्या पिढीने पाठ केले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच तत्त्व कलम ५५ मध्ये आले आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. गोष्ट पाहण्याजोगी असेल तर जिने ती पाहिली त्या व्यक्तीची साक्ष हवी. ऐकण्याजोगी असेल तर जिने ऐकली तिची. अन्य इंद्रियाने कळण्याजोगी असेल तर जिला तशी कळली तिची. आणि मत असेल तर ज्याचे ते मत आहे त्याची. पाहिलेले, ऐकलेले, इतर रीतीने अनुभवलेले, आणि मनाचे मत: ही चार दालने बाहियला सांगितलेल्या चार गोष्टींशी जवळजवळ मिळतात. इंग्रजांनी कायदा उदानातून घेतला असे कोणी समजू नये. खरे काय घडले हे शोधू पाहणाऱ्या कोणालाही, मग तो न्यायासनावर बसलेला असो वा जेतवनात राहणारा असो, पाहिलेले आणि मानलेले वेगळे करावेच लागते.

आणि येथेच यजमानांच्या हक्कांचा प्रश्न येतो. आमच्या वकिलीतील एक प्रकरण सांगतो. एका तरुणाला त्याच्या इमारतीत जातीवरून शिवीगाळ झाली. ती झाली होती याविषयी आम्हाला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली फिर्याद झाली. फिर्यादीत लिहिले होते की आरोपी नेहमीच छळतो, त्याच्या मनात जात भरलेली आहे, हे साऱ्या इमारतीस ठाऊक आहे. उलटतपासात विचारण्यात आले की, त्या दिवशी नेमके कोणते शब्द उच्चारले गेले? फिर्यादीने तीन वेळा तीन निरनिराळे शब्द सांगितले. एक साक्षीदार म्हणाला, मी स्वतः ऐकले; नंतर उघड झाले की तो त्या वेळी खाली नळावर होता आणि त्याला ते संध्याकाळी बायकोने सांगितले. आरोपी सुटला. या साऱ्यात खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. रागाच्या भरात आपल्या माणसांनी ऐकलेले, सांगितलेले, पूर्वी घडलेले आणि मनात धरलेले एकत्र मळले, आणि मग त्यातून खरे वेगळे काढता येईना. ती फिर्याद नीट न चाळता पुढे जाऊ दिल्याचा दोष आमचाही होता.

कायद्याला कोणता तपशील लागतो हे प्रत्येक नवदीक्षित घराने समजून घ्यावे. त्या अधिनियमाच्या कलम ३(१) मध्ये २०१५ साली झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तीनुसार हेतुपुरस्सर केलेला अपमान वा जातिवाचक शिवीगाळ लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडलेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना घडलेल्या गोष्टीला ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य या प्रकरणात म्हटले. म्हणजे दार उघडे होते की लोटलेले, तो माणूस गॅलरीत उभा होता की उंबऱ्याच्या आत, जिन्यावर कोण होते, कोणता शब्द उच्चारला, तो कोणाकडे पाहून उच्चारला, यावर सर्व अवलंबून राहते. ज्या क्षणी रक्त डोक्यात चढते, नेमक्या त्याच क्षणी हे पाहावयाचे आहे. हे कोणाला जमेल? ज्याने रोज, रक्त डोक्यात चढलेले नसताना, पाहण्याचा सराव केला असेल त्याला.

(येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने कायम राखला गेला आहे. बौद्ध झालो म्हणून हा कायदा आता आपला नव्हे, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये; मात्र जातीचा दाखला जपून ठेवावा.)

सतिच्या दोन अर्थांचा मेळ येथे बसतो. जो जागा होता, त्यालाच आठवते. जो रागात, भीतीत वा लाजेत बुडून गेला, त्याला पुढे राग आठवतो, घडलेले आठवत नाही. घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः केलेले टिपण पाहून साक्षीदाराला न्यायालयात आपली आठवण ताजी करता येते. म्हणून आम्ही सुचवितो की प्रत्येक घरात एक वही असावी, आणि अपमान घडल्यास त्याच रात्री तीत तारीख, वेळ, जागा, शब्द व हजर असलेली माणसे लिहून ठेवावीत. आपल्या मनात काय आले तेही लिहावे, पण वेगळ्या पानावर.

जागरूकता म्हणजे सोसणे, असा अर्थ कोणी काढू नये. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांना जाणारे आपले पुष्कळ बंधू आहेत. सत्यनारायण गोएंका यांनी भारतातील आपले पहिले शिबिर जुलै १९६९ मध्ये याच दक्षिण मुंबईत, पंचायती वाडी धर्मशाळेत, अवघ्या १४ साधकांसह घेतले. आज इगतपुरीला रांगा लागतात. जावे, त्यात गैर काही नाही. परंतु अंगातल्या संवेदना नुसत्या पाहाव्यात हे जे तेथे शिकवितात, ते अंगातल्या संवेदनांविषयी आहे, समाजातल्या अन्यायाविषयी नाही. शिबिरातून परतलेला एखादा कार्यकर्ता आता मी सभांना येत नाही, सर्व अनित्य आहे, असे सांगू लागला, तर त्याने अर्धेच शिकले असे आम्ही समजतो. पाहणे हे करण्याच्या आधीचे पाऊल होय. पाहिल्यावाचून केलेले सहसा चुकते, आणि नुसतेच पाहत बसलेल्याचे घर दुसरा कोणी लुटून नेतो.

आता भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. करावयाचे काय?

पहाटे पाणी येण्याआधी चाळ थोडी निवलेली असते. तेव्हा पंधरा मिनिटे बसावे. चटईवर, खाटेच्या कडेवर, कोठेही. डोळे मिटण्याची सक्ती नाही, अर्धे उघडे असले तरी चालतात. सुरुवातीला श्वास येतो-जातो इकडे लक्ष द्यावे. श्वास ही खुंटी आहे. मन भरकटले की तेथे परत आणून टांगावे. चारदोन मिनिटांनी खुंटी सोडावी आणि जे येईल ते येऊ द्यावे. शेजारचा कुकर शिटी देतो: हा आवाज. त्यापाठोपाठ कपाळाला आठी पडते: ही नावड. मग मनात येते की या शेजारणीला दुसऱ्याची काळजीच नाही: हे मत. आवाज, नावड आणि मत या तीन वस्तू तीन आहेत, एवढे एकदा स्वच्छ दिसले तरी त्या दिवसाचे बसणे वाया गेले नाही. बसल्यावर प्रकाश दिसेल, अंग हलके होईल, एखादे संकट टळेल, अशी अपेक्षा धरू नये. जुन्या देवांना नवस बोलण्याची सवय आपल्या हाडात आहे. देव गेले तरी सवय राहते, आणि ध्यानालाही नवस बोलू लागते. बुद्धमूर्तीपुढे बसले म्हणजे ध्यान अधिक लागते असेही नाही.

बसणे ही तालीम झाली. खरा प्रसंग दिवसभर असतो. हे गिरणगावाला नव्याने शिकविण्याची गरज नसावी. १९८२ च्या संपापूर्वी ज्यांच्या घरचे कोणी रिंग खात्यात होते त्यांनी ऐकले असेल की, आपल्या बाजूच्या शेकडो चात्यांमधून फिरणारा कामगार एका चातीकडे टक लावून पाहत नसे. नजर सगळीकडे मोकळी असे, आणि कोठेही धागा तुटला की हात तेथे जाई. विणकाम खात्यात हे शिकण्याची संधी आपल्या लोकांना मिळालीच नाही, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला होता. आता त्या गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. ती नजर मात्र आपल्या घरात असली पाहिजे.

तिची परीक्षा लालबागला भाद्रपदात होते. आमच्या वाचक भगिनीने पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे की दीक्षेनंतरचा पहिला गणपती फार जड गेला. वर्गणीसाठी मंडळाची मुले दारात आली, धाकटा मुलगा मिरवणूक पाहण्यास रडला, सासूबाईंनी न बोलता दोन दिवस जेवण कमी केले. तिसरी प्रतिज्ञा तर स्पष्ट आहे. आमच्या मते पत्रातला खरा प्रश्न हाच आहे, बाकीचा प्रस्तावना आहे. प्रतिज्ञा पाळावयाची हे ठरलेलेच आहे. ती कशी पाळावयाची, हे त्या क्षणी मनात काय चालले आहे ते कळण्यावर राहते. दारातल्या मुलांना नाही म्हणताना आवाज चढला, तर तो निश्चयाने चढला की भीतीने? मुलाला ओढून आत घेतले ते धम्मासाठी, की गॅलरीतले लोक पाहत होते म्हणून? सासूबाईंचे न जेवणे हा हट्ट, की साठ वर्षांची सोबत सुटल्याचे दुःख? ज्या बाईने हे स्वतःशी ओळखले, ती दारातल्या मुलांना शांतपणे सांगू शकते की आम्ही बौद्ध आहोत, वर्गणी देणार नाही, पण रांगेत कोणाला भोवळ आली तर आमच्या घरचे पाणी आहे. आणि सासूबाईंजवळ ती ताट घेऊन बसू शकते.

या कामी विहारांनी पुढे आले पाहिजे. परळला कामकरी वस्तीसाठी १९३७ साली बहुजन विहार उभा राहिला आणि धर्मानंद कोसंबी तेथे राहू लागले. ध्यानाचे पाली ग्रंथांतील प्रकार सांगणारे त्यांचे ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक १९२५ सालचे आहे. म्हणजे ही शिकवण गिरणगावाच्या दारात एवढ्या आधी येऊन ठेपली होती, आणि आपण मात्र विहारांचा उपयोग जयंतीच्या सभा व लग्ने यांपलीकडे क्वचितच केला. आठवड्यातून एक दिवस, रविवारी सकाळी, अर्धा तास बसणे आणि अर्धा तास कायद्याची माहिती, एवढे प्रत्येक विहाराने सुरू करावे. दोन्ही एकाच सतरंजीवर व्हावे. ध्यानाला येणाऱ्याने कायदा ऐकल्यावाचून उठू नये, आणि कायद्यासाठी येणाऱ्याने बसल्यावाचून.

भगिनीच्या चाळीत पाणी किती वाजता येते ते पत्रात नाही. साडेपाचला येत असेल तर सव्वापाचला उठावे लागेल. यजमान पहिले काही दिवस बसले नाहीत तरी त्यांना आग्रह करू नये. वही मात्र त्यांनी आणावी, आणि पहिल्या पानावर दीक्षेची तारीख त्यांच्याच अक्षरात असावी.